बालकांना जोखणारा तराजू कोणाच्या हाती?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिकणे आणि वाढणे कोणत्या साधनांनी मोजावे, या विषयावर पक्षाच्या साप्ताहिकात लेख यावा याचे काही कार्यकर्त्यांना नवल वाटेल. सोयाबीनचा भाव, पीकविमा, रोजगार हमीची थकलेली मजुरी असे प्रश्न दारात उभे असताना चित्रकार्डे आणि रंगीत ठोकळे यांची चर्चा कशासाठी, असे एका अभ्यासवर्गात एका तरुण मित्राने मला तोंडावर विचारले. प्रश्न रास्त होता. मी तेथे दिलेले उत्तर अपुरे होते. म्हणून हा लेख.

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. तोलणे-मापणे या व्यवहाराविषयी अर्थशास्त्राचा विद्यार्थी एक गोष्ट लवकर शिकतो. आडतीवर शेतकरी ज्या काट्यावर माल घालतो तो काटा कोणाचा, हे त्याने आधी पाहिले पाहिजे. भावाची घासाघीस त्यानंतरची. बालशिक्षणात नेमके याचेच विस्मरण झाले आहे. मूल मागे आहे, मूल हुशार आहे, मूल 'मंद' आहे असे निर्णय चौथ्या-पाचव्या वर्षी होऊ लागले आहेत आणि ते कोणत्या काट्यावर होतात याची विचारपूस कोणी करीत नाही.

प्रथम बाजाराचा काटा पाहू. लातूरच्या ट्यूशन एरियातून किंवा नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांतून सायंकाळी फेरफटका मारावा. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या फलकांखाली आता लहानग्यांचे फलकही लागू लागले आहेत. मूळ लातूर पॅटर्नविषयी मी अनादराने बोलणार नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयातील अध्यापकांनी खेड्यांतून आलेल्या मुलांसाठी जादा तास घेतले, वारंवार चाचण्या घेऊन उणिवा शोधल्या आणि जेथे उणीव दिसली तेथे पुन्हा शिकविले. त्या चाचणीमागे शिकविण्याची तयारी होती. आज तिच्या नावावर जो व्यापार उभा राहिला आहे त्यात चाचणी चाळणी झाली, आणि चाळणी जितक्या लहान वयात लावावी तितका धंदा दीर्घ मुदतीचा होतो.

माझ्या शेजारी राहणाऱ्या एका शिक्षक दांपत्याने आपल्या साडेचार वर्षांच्या मुलाच्या दहाही बोटांचे ठसे अशाच एका दुकानात दिले. दोन आठवड्यांनी गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल घरी आला. गणिती बुद्धी इतके टक्के, भाषिक बुद्धी तितके टक्के, संगीताची बुद्धी जेमतेम. आईने त्या दिवसापासून मुलाचे पेटी वाजविणे बंद केले. ठशांवरून जन्मजात बुद्धी कळते या दाव्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. डोळे बांधून वाचन करविणाऱ्या 'मिडब्रेन' वर्गांची हीच गत आहे. कुडमुड्या जोशाने हात पाहून भविष्य सांगितले तर हे दांपत्य हसले असते. संगणकाने बोट पाहून सांगितले, तेव्हा त्यांनी पैसे मोजले.

शासनाला हे दिसत नाही असे नव्हे. राम जोशी समितीच्या काळात बालवाडी प्रवेशाच्या मुलाखतींवर महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली आणि १९९६ मध्ये राज्याने पूर्वप्राथमिक प्रवेशांचे नियमन करणारा कायदाही केला. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाला वा पालकाला चाळणी लावण्यास बंदी केली. कायदे पुस्तकात आहेत. 'मुलाशी थोड्या गप्पा मारून पाहू' अशा गोड नावाखाली मुलाखती होतच असतात आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्याविरुद्ध एकही मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. आपल्या पक्षाचाही नाही.

आता सरकारी काटा. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता यावे, साधे गणित करता यावे, हा हेतू वादातीत आहे; गरिबाच्या मुलाला चौथीतही वाचता येत नाही याची लाज आपल्याला आधी वाटली पाहिजे. परंतु उद्दिष्ट लिहिताना मिनिटाला अमुक शब्द असे माप ठरले. दुसरीच्या शेवटी ४५ ते ६०, तिसरीच्या शेवटी किमान ६०. घड्याळ लावून शब्द मोजण्याची ही रीत इंग्रजीतून आली. मराठीत 'घरापासूनसुद्धा' हा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे तीन-चार होतील. विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन चालणाऱ्या भाषेतल्या मुलाला इंग्रजीच्या शब्दगतीने मोजणे म्हणजे ज्वारीचे पोते लिटरच्या मापाने भरण्यासारखे आहे. शिवाय घड्याळ पुढे ठेवले की शिक्षक वेगाची तालीम घेतो. मूल धडाधडा वाचते, आणि काय वाचले असे विचारले तर छताकडे पाहते.

गंमत अशी की याच सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तरासाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी लेखी चाचण्या आणि परीक्षा सर्वस्वी अयोग्य ठरविल्या आहेत. निरीक्षण करा, मुलाचे काम जपून ठेवा, त्याच्याशी बोला, असे तो आराखडा सांगतो. हे पान आपण पाठ करावयास हवे. अधिकाऱ्यांच्या बैठकीत आपल्या मतापेक्षा त्यांच्याच दस्तऐवजाचा दाखला अधिक उपयोगी पडतो.

काटा चुकला की काय होते हे मी मुखेड तालुक्यातील एका तांड्यावर पाहिले. अंगणवाडी सेविकांचा ४ डिसेंबर २०२३ पासूनचा संप पन्नास दिवसांहून अधिक चालला होता. तो मिटल्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडी आम्ही काही निवृत्त मंडळी त्या भागात फिरत होतो. शहरातून आलेले दोन प्रशिक्षित तरुण चित्रकार्डे दाखवून मुलांची 'शाळापूर्व तयारी' तपासत होते. पाच वर्षांच्या एका मुलीला बागेतल्या घसरगुंडीचे चित्र दाखवून, हे काय आहे आणि तू यावर काय करशील, असे प्रमाण मराठीत विचारले गेले. मुलगी गप्प. पुढचे कार्ड, पुन्हा गप्प. तक्त्यावर तिच्या नावापुढे भाषाविकासाच्या रकान्यात सर्वांत खालची खूण झाली. सेविका त्याच तांड्याची होती. तिने मुलीला जवळ घेऊन गोरमाटीत काहीतरी विचारले आणि मुलगी जी सुटली ती थांबेना. ती नुकतीच आईबापांबरोबर कारखान्यावरून परतली होती. कोपी कशी बांधतात, वाढ्याच्या पेंढ्या कशा करतात, बाप पहाटे किती वाजता गाडी जुंपतो, बैल बसला तर काय करतात, हे सगळे ती क्रमवार सांगत होती. कारण आणि परिणाम यांची साखळी तिच्या बोलण्यात होती. ती सांगत असता आमच्यापैकी एकाने सहज पेंढ्यांचा हिशेब विचारला, तो तिने बोटांवर पुरा केला. तक्त्यावरची खूण मात्र बदलली नाही, कारण गोरमाटीतील उत्तराला त्यात रकानाच नव्हता.

हा एका तांड्याचा प्रश्न नाही. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी बोलणारी घरे आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबादेत तेलुगू अंगणात खेळते. नांदेड शहरात आणि उदगिरात दखनी उर्दू घरोघरी आहे. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीनंतर गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडीच परततात. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात बसून सर्वांना एकच तक्ता, एकाच महिन्यात, एकाच भाषेत लावला तर त्यातून मुलांच्या विकासापेक्षा त्यांच्या घराचे तक्त्याच्या कर्त्याशी असलेले अंतर मोजले जाते. मग आकडेवारी येते की तांड्यातील मुले 'मागे' आहेत, आणि शतकानुशतकांच्या वंचनेला शास्त्राची मोहोर मिळते.

इतिहासात हे पूर्वी घडले आहे. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमॉन यांच्यासह जी मापनश्रेणी तयार केली, तिचा हेतू शाळेत अडखळणारी मुले शोधून त्यांना अधिक साहाय्य द्यावे हा होता. बुद्धी ही जन्मजात, न बदलणारी गोष्ट आहे या मताशी ते झगडत राहिले. १९११ मध्ये ते गेले. त्यांचे साधन अमेरिकेत पोहोचले आणि तेथील काही मानसशास्त्रज्ञांनी त्याचा उपयोग परदेशांतून येणाऱ्या गरीब माणसांना 'मतिमंद' ठरविण्यासाठी केला. ज्यांना इंग्रजी येत नव्हते, त्यांनाही. साधन जवळपास तेच होते, धरणारा हात बदलला होता. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिने-चाचणीची कन्नड आणि मराठी आवृत्ती सिद्ध केली. चाचणी मुलाच्या भाषेत आणि त्याच्या प्रदेशातील मुलांवर पारखून घ्यावी लागते, ही जाण त्यांच्या कामात होती. नव्वद वर्षांनंतर आपण तीही हरवून बसलो असू तर ती प्रगती म्हणावी काय?

इथपर्यंत वाचून आपल्यातील काही मित्र माना डोलावतील आणि म्हणतील की मोजमापच नको. ही सारी भांडवली व्यवस्थेची युक्ती आहे, मुलांना मुक्तपणे वाढू द्यावे. या मित्रांशी माझे तीव्र मतभेद आहेत. सुखवस्तू घरातील मुलाला बोलण्यास उशीर झाला तर आई त्याला तिसऱ्या वर्षाआधी बालरोगतज्ज्ञाकडे नेते, कानाची तपासणी होते. मजुराचे मूल ऐकू येत नसताना सहा वर्षे 'लाजाळू' म्हणून काढते आणि शाळेत गेल्यावर 'ढ' ठरते. मोजले नाही तर हे अदृश्यच राहते, आणि अदृश्य दुःखासाठी अर्थसंकल्पात तरतूद होत नसते.

मराठवाड्याने हे एकदा अनुभवले आहे. २००२ च्या सुमारास औरंगाबाद विभागात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर विभागात, तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने कुपोषणाविरुद्ध मोहीम झाली. तोपर्यंत कागदावर तीव्र कुपोषित मुले फारशी नसत, कारण खरा आकडा कळविणाऱ्या सेविकेलाच नोटीस मिळे. प्रत्येक मुलाचे वजन घ्यावे आणि खरे सांगणाऱ्याला शिक्षा होऊ नये, या दोन साध्या गोष्टींवर त्या मोहिमेत भर होता. पुढे २००५ मध्ये याच अनुभवातून राजमाता जिजाऊ मिशन उभे राहिले. मोजमाप गरिबाच्या बाजूने वापरता येते याचा याहून जवळचा दाखला आपल्याला शोधावा लागणार नाही.

दंडाचा घेर मोजण्याची ती रंगीत पट्टी घ्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी आला तर मूल तीव्र कुपोषित आहे, त्याला तातडीने उपचार आणि आहार हवा. पट्टी काही पैशांची. सेविका ती एका मिनिटात वापरते, आईला रंग दिसतो, भाषेचा अडसर नाही, आणि मुख्य म्हणजे आकडा आल्यावर पुढे काय करावयाचे हे ठरलेले आहे. कोणतेही साधन निवडताना मी हीच कसोटी लावीन. निष्कर्ष निघाल्यावर मुलाच्या वाट्याला काय येणार? त्याचे उत्तर नसेल तर चाचणी घेऊ नये. उपचाराविना केलेले निदान हा श्रीमंतांना परवडणारा शौक आहे.

आता विकास आणि शिक्षण यांकडे वळू. येथे एका साधनाकडून तीन कामे करवून घेण्याची चूक सर्रास होते. सेविकेला उद्या या मुलाबरोबर काय करावे हे कळणे, हे एक काम. कोणत्या मुलाच्या वाढीत विलंब आहे याची प्राथमिक चाळणी, हे दुसरे. जिल्ह्याची व्यवस्था काम करते की नाही याची तपासणी, हे तिसरे. तिन्हींची साधने वेगळी असतात.

पहिल्या कामासाठी डोळे, कान आणि वही पुरते. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासींच्या अंगणात बालवाडी नेली, त्यातूनच 'अंगणवाडी' ही कल्पना रुजली. तिचा पाया मुलाकडे रोज लक्षपूर्वक पाहणे हाच होता. या आठवड्यात गोदाने पहिल्यांदा दुसऱ्याला खेळणे दिले, रहीम पाच खड्यांपर्यंत मोजतो पण सहावा निसटतो, अशा दोन ओळी प्रत्येक मुलाविषयी महिन्यातून दोनदा लिहिल्या तर वर्षअखेरीस जे हाती येते ते कोणत्याही टक्केवारीहून खरे असते. राज्यात अंगणवाड्यांसाठी 'आकार' नावाचा बालशिक्षणक्रम आहे. अशा नोंदींना त्यात जागा करून घेता येते.

दुसऱ्या कामासाठी शास्त्रीय साधने आहेत आणि ती आपल्याच देशात घडली आहेत. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय मुलांसाठी विकासमापनश्रेणी तयार केली. तीत १६३ मानसिक आणि ६७ कारक बाबी आहेत. ती सेविकेच्या हाती देणे अन्याय होईल. तिला प्रशिक्षित तज्ज्ञ आणि साहित्याची पेटी लागते. परंतु बडोद्याच्या याच प्रमाणकांचा आधार घेऊन केरळातील त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या १७ बाबींचा एक तक्ता केला, जो अंगणवाडी सेविका काही मिनिटांत वापरू शकते. साधन निवडण्याची ही रीत मला आदर्श वाटते. गावात साधा तक्ता, जिल्ह्यात सूक्ष्म श्रेणी, आणि दोहोंमध्ये विनाखर्च जाता येईल असा रस्ता. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाला. त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे, जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातील विलंब तपासावा, आणि जिल्हा पातळीवरील केंद्रात पुढील तपासणी व्हावी, अशी त्याची रचना आहे. माहूरच्या डोंगरातून नांदेडला मूल आणावयाचे तर आईची दोन दिवसांची मजुरी बुडते. ती कोण देणार, हा प्रश्न रचनेत नाही. तो आपण घातला पाहिजे.

तिसऱ्या कामासाठी प्रत्येक मुलाला ताटकळत बसविण्याची गरज नसते, नमुना पुरतो. 'असर'ची पाहणी २००५ पासून हेच करते. जिल्ह्यातील ३० गावे, गावातील २० घरे, आणि घरी जाऊन मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचावयास देणे. तिच्या निष्कर्षांचा उपयोग खाजगीकरणाचे वकील करतात हे खरे. पण तिने सरकारी दाव्यांची पोकळी उघड केली हेही तितकेच खरे. मुलाच्या नावावर शिक्का न मारता व्यवस्थेचे तापमान घेता येते, एवढे तरी तिच्याकडून घ्यावे. बिघडते केव्हा? तेच एकपानी साधन प्रत्येक मुलाला लावून त्यावरून शिक्षकाची गुणवत्ता ठरवू लागतात, तेव्हा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात असे दाखविले की एखाद्या सांख्यिकी संबंधाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की तो संबंधच ढासळतो. आपल्या शाळांत त्याचा मराठी अनुवाद असा होतो की साहेब येण्याच्या आदल्या दिवशी सर्व मुले 'प्रगत' होतात.

माझ्या विषयातील मंडळींविषयीही थोडे. बालशिक्षणावर खर्चिलेल्या रुपयाला किती परतावा, अशी गणिते मांडण्याची आज फॅशन आहे आणि त्यांसाठी अमेरिकेतील पेरी बालवाडीचा दाखला दिला जातो. १९६२ पासून काही वर्षे मिशिगनमधील एका गावात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर तो प्रयोग झाला. निम्म्याहून थोडी कमी मुले बालवाडीत गेली, बाकीची गेली नाहीत. परताव्याचे गणित सांगणारे एक गोष्ट मात्र हळूच बाजूला ठेवतात. बालवाडीत गेलेल्यांचा बुद्ध्यंक प्रथम वाढला आणि काही वर्षांतच हा फरक विरून गेला. तेवढ्याच काट्यावर निर्णय झाला असता तर प्रयोग फसला म्हणून बालवाडी बंद झाली असती. चाळिसाव्या वर्षी पाहिले तेव्हा त्याच मुलांची कमाई अधिक होती आणि तुरुंगवारी कमी. चिकाटी, इतरांशी जमवून घेणे, मोठ्यांवरील विश्वास, यांपैकी काहीतरी रुजले होते जे बुद्ध्यंकाच्या चाचणीत दिसत नव्हते.

आणि हे सारे पाहावयाचे कोणी? सेविकेने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत ही योजना सुरू झाली तेव्हापासून ती 'मानसेवी' आहे. तिच्या श्रमाला वेतन म्हणावयाचे नाही हे शासनाचे व्रत आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला तरी ते सुटले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल परत केले, त्यात एक तक्रार ॲप इंग्रजीत असल्याची होती. पोषण अभियानात महिना ५०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता ॲपवरील कामगिरीशी जोडला गेला. नोंद भरली तर पैसे, मुलाजवळ बसली तर काही नाही. अशा स्थितीत कितीही शास्त्रशुद्ध तक्ता आणा, तो रात्री घरी बसून एका दमात भरला जाईल, आणि त्याबद्दल मी तिला दोष देणार नाही.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या शाखांनी येत्या काळात दोन्ही जिल्हा परिषदांकडे जावे ते नेमक्या मागण्या घेऊन. मुलाच्या घरच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या माणसाने विचारल्याखेरीज भाषाविकासाची कोणतीही नोंद ग्राह्य धरू नये. ऊसतोड मजुरांच्या मुलांची नोंद परतल्यावर महिना-दीड महिन्याने व्हावी. जिल्हा केंद्रात तपासणीस येणाऱ्या आईला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळावी. नोंदवहीतील प्रगतीचा सेविकेच्या मानधनाशी संबंध नसावा. ठसे घेऊन बुद्धी सांगणाऱ्या दुकानांची तक्रार ग्राहक मंचाकडे कार्यकर्त्यांनी स्वतः करावी. माझ्या शेजाऱ्यांचा तो गुळगुळीत अहवाल पुरावा म्हणून देण्यास ते तयार आहेत. आणि हे सुरू करण्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही असे एक काम आहे. माता व बाल संरक्षण कार्ड प्रत्येक आईजवळ असते. मूल कोणत्या महिन्यात मान धरते, बसते, हाकेला वळते, दोन शब्द जोडते, हे त्यात छापलेले असते. बहुतेक घरांत ते लसीच्या तारखांपुरते उघडले जाते. महिला शाखेने तांड्यावर जाऊन ती पाने त्या त्या बोलीत आयांना वाचून दाखवावीत. मुखेडच्या त्या सेविकेने हे गोरमाटीत सांगण्याचे कबूल केले आहे. देगलूरकडे तेलुगू आणि किनवटकडे गोंडी, कोलामी जाणणाऱ्या कार्यकर्त्यांची नावे शाखांनी कळवावीत.